ओनेझिम दोनदा गेला

माझा नवरा जिवंतपणी
लेक चार्ल्सच्या पलीकडे कधी गेला नाही.
मेल्यावर मात्र दोनदा
गाव सोडून गेला.

पहिल्यांदा ऑगस्ट सरताना.
आम्ही वर उत्तरेला, मोटेलच्या खोलीत,
मी, लेक देलफीन, तिची दोन मांजरं.
टीव्हीवर पांढरा भोवरा फिरत होता
आणि हवामानवाल्याचं बोट
नेमकं आमच्या दफनभूमीवर टेकलेलं.

लुइझियानाच्या या टोकाला
दोन हात खणलं की पाणी लागतं.
म्हणून माणूस जमिनीवरच ठेवतात,
सिमेंटच्या पेटीत,
वर झाकण,
झाकणावर देवाचा भरवसा.
त्या रात्री पाणी खालून आलं.

तो सापडला अकरा मैलांवर, पाणथळीच्या गवतात,
शेजारी कुणाचा तरी फ्रीज
आणि एक गाय, जिवंत.
ओळख पटवायला फ्युझिलिए नावाचा पोरगेला अधिकारी आला.
म्हटलं, मला दाखवू नकोस,
उजवा खिसा तेवढा चाचप,
जाळं विणायची सुई असेल.
तो गेला, आला,
काही न बोलता टोपी काढली.

डिसेंबरात पुन्हा पुरला.
तोवर छपराछपरावर निळी ताडपत्री,
वरून विमानातून बघणाऱ्याला वाटावं
समुद्र अजून ओसरलाच नाही.
आम्हाला ताडपत्रीही लागली नाही.
छपरच नव्हतं.

विमेवाला विचारी,
घर वाऱ्याने गेलं की पाण्याने?
वाऱ्याची पॉलिसी वेगळी, पाण्याची वेगळी.
म्हटलं, बाबा, दोघं हातात हात घालून आले,
कोण आधी आत शिरला
ते बघायला मी थांबले नव्हते.
त्याने लिहून घेतलं, 'अनिश्चित'.

मग नवे खांब.
आधीचं घर आठ फुटांवर होतं,
आता नियम अठरा फुटांचा.
सव्वीस पायऱ्या.
माझे गुडघे नियमात कुठे बसतात
ते कुणी मोजलं नाही.
खांब उभे राहिले, लाकडं आली,
बांधलेल्या गठ्ठ्यात,
वर माझं नाव खडूने.

आणि पुढच्याच हंगामात, ऑक्टोबरात,
दुसरं आलं.
हे लहान होतं म्हणे.
लहान म्हणजे
मोडायला फारसं काही सापडलं नाही ते.
गठ्ठा गेला. रस्ता गेला.
त्राहानांची कोळंबीची होडी
शाळेच्या मैदानात जाऊन बसली,
मुलं नसलेल्या शाळेच्या.

ओनेझिम या खेपेला चारच मैल गेला.
थकला असेल.
जुन्या ओकांच्या रांगेला अडकून राहिला,
जिथे तरुणपणी, आखातावरून परतताना,
मला हात करायचा.

वादळांचंही एक बरं असतं.
फार नासधूस केली की
त्यांचं नाव निवृत्त करतात,
पुन्हा कुणाला देत नाहीत.
पहिल्याला तो मान मिळाला.
दुसऱ्याचं नाव यादीत तसंच आहे,
सहा वर्षांनी फिरून येईल.
ओनेझिम बहात्तराव्या वर्षापर्यंत
पहाटे तीनला जाळी टाकायला जात होता,
त्याला कुणी विचारलं नाही.

देलफीन म्हणते, ह्यूस्टनला आणू या बाबांना.
उंचावर जागा आहे, हिरवळ आहे,
तिथे पाणी वेळेवर सुरू होतं, वेळेवर बंद होतं.
मी म्हटलं, बघू.
ती दोन पोरं घेऊन गेली,
मांजरंही गेली.
इथे आता पोस्ट नाही, किराणा नाही,
रविवारी चर्चमध्ये अकरा माणसं,
त्यातले दोघं दुसऱ्या गावचे.

काल फ्युझिलिए पुन्हा आला,
रंगाचा डबा घेऊन.
आता पेटीवर घरच्यांचा फोन नंबर लिहितात,
म्हणजे शोधणं सोपं जातं.
सावकाश लिहिलं त्याने, शाळेतल्या अक्षरात.
मग विचारलं, दुसरा एखादा नंबर?
तुम्ही नाही उचललात तर?
मी देलफीनचा दिला.

तो ब्रश धुवायला निघाला.
म्हटलं, थांब,
सगळा रंग संपवू नकोस.